सटवाईची ओळ आणि पिंजऱ्यातली खेळणी

बाळ जन्मलं की पाचव्या नाहीतर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं आपल्याकडे मानतात. तिची सोय म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची पद्धत अजूनही पुष्कळ घरांत आहे. ती काय लिहिते ते कुणालाच वाचता येत नाही, आणि मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. वाचता येत नाही म्हणून तर माणूस हातपाय हलवत राहतो.

एका आजाराच्या बाबतीत मात्र ही ओळ वाचता येते. १९९३ पासून, साध्या रक्ताच्या तपासणीतून. हंटिंग्टनचा आजार त्याचं नाव. या आजारावर मी गेले काही महिने मिळेल ते वाचते आहे, आणि वाचता वाचता एका अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे उंदरांच्या पिंजऱ्यापाशी, येऊन थांबले. तिथवर कशी पोचले ते सांगते. जरा लांबण लागेल, पण गोष्ट तशीच आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. तो साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोकं वर काढतो. सुरुवात किरकोळ असते. हातातली कपबशी निसटते, माणूस कारण नसताना चिडतो, वर्षानुवर्षं केलेल्या कामात गोंधळतो. मग हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या हालचाली सुरू होतात, थांबवू म्हणता न थांबणाऱ्या. मग बोलणं जातं, गिळणं जातं, विचार करणं जातं. पंधरा-वीस वर्षं हे चालतं आणि मग संपतं. आई किंवा वडील, कुणा एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, चक्क छापा-काटा. आणि क्रूरपणा असा की आपल्याला आहे हे कळेपर्यंत बहुतेकांच्या पदरात पोरं असतात.

ज्याच्यावरून नाव पडलं तो जॉर्ज हंटिंग्टन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरचा. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर, आणि तिघांचीही प्रॅक्टिस त्याच पंचक्रोशीत. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्यानं रस्त्यात दोन बायका पाहिल्या होत्या. मायलेकी. उंच, हाडं वर आलेल्या, अंग वेडंवाकडं वळवत चाललेल्या. ते दृश्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. १८७२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यानं या आजारावर काही परिच्छेद लिहून छापले. ते इतके अचूक होते की आजही त्यात फारसं बदलावं लागत नाही. आजोबांनी आणि वडिलांनी त्याच घराण्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या म्हणून एवढ्या तरुण पोराला आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरताना ‘दिसला’. (फॅमिली डॉक्टर नावाची संस्था आपल्याकडेही होती. त्यांच्या वह्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार मनात येतोच.) त्या घराण्यांतली माणसं आजाराचं नाव घेत नसत. नुसतं ‘तो विकार’ म्हणत.

आता जवळजवळ शंभर वर्षं पुढे येऊ. १९६८, लॉस एंजेलिस. लिओनोर वेक्सलर नावाची बाई सकाळी रस्ता ओलांडत होती. एका पोलिसानं तिला हटकलं, सकाळी सकाळी दारू पिऊन फिरायला लाज नाही वाटत का, म्हणून. ती प्यायलेली नव्हती. तिचा तोल जात होता. लिओनोर प्राणिशास्त्राची पदवीधर, शिक्षिका होती. तिचे वडील याच आजारानं गेले होते आणि तिन्ही भाऊही. आपण बायका असल्यामुळे सुटलो, असा त्या घरात समज होता.

तिच्या पूर्वीच्या नवऱ्यानं, म्हणजे मिल्टन वेक्सलरनं, दोन्ही मुलींना बोलावून खरं काय ते सांगितलं. थोरली अ‍ॅलिस पुढे इतिहासकार झाली. धाकटी नॅन्सी तेव्हा तेवीस वर्षांची होती, पुढे मानसशास्त्रज्ञ झाली. मिल्टन पेशानं मनोविश्लेषक. त्याच वर्षी त्यानं आनुवंशिक आजारांवरच्या संशोधनासाठी एक संस्था काढली आणि तरुण शास्त्रज्ञांना बोलावून गप्पांच्या बैठका भरवायला सुरुवात केली. तयार भाषण करायचं नाही, स्लाइड दाखवायच्या नाहीत, फक्त मोठ्यानं विचार करायचा, अशी तिथली पद्धत. घरात आग लागलेला माणूस विहीर खणायला बसावा तसा हा प्रकार. लिओनोर १९७८ च्या मे महिन्यात गेली. पाणी लागायला अजून अवकाश होता.

या बैठकांच्या आगेमागेच व्हेनेझुएलाची माहिती समोर आली. तिथे माराकायबो नावाचं प्रचंड सरोवर आहे. त्याच्या काठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत, काही तर पाण्यात खांब रोवून उभ्या केलेल्या, हा आजार इतका होता की त्याला नुसतं ‘एल माल’, म्हणजे ‘ती पीडा’ म्हणत. अमेरिको नेग्रेते नावाचा तरुण डॉक्टर १९५० च्या दशकात तिथे नोकरीला आला. रस्त्यानं झोकांड्या खाणारी इतकी माणसं पाहून त्यालाही आधी वाटलं, दारू. माणसं पितात, पडतात, त्यात नवल काय! मग चौकशी केली तेव्हा कळलं की हे प्यायलेले नाहीत, आजारी आहेत. लॉस एंजेलिसचा पोलीस आणि माराकायबोचा डॉक्टर, दोघांनाही एकच गोष्ट सुचली. फरक इतकाच की डॉक्टरनं पुढे विचारलं. त्यानं घरोघर हिंडून वंशावळी मांडल्या आणि १९६३ मध्ये पुस्तक लिहिलं. ते स्पॅनिशमध्ये होतं, त्यामुळे बाहेर फार कुणी वाचलं नाही. १९७२ मध्ये, हंटिंग्टनच्या लेखाला शंभर वर्षं झाली म्हणून अमेरिकेत परिषद भरली, तिथे त्याच्या एका सहकाऱ्यानं या वस्त्यांची फिल्म दाखवली. सभागृह थक्क झालं.

नॅन्सी वेक्सलर तिथे पहिल्यांदा गेली १९७९ मध्ये. १९८१ पासून मग वीसेक वर्षं दरसाल जात राहिली. वंशावळीचे कागद भिंतभर पसरले. शेवटी त्यात दहा पिढ्यांतली १८,१४९ माणसं होती! आपल्याकडचे कुलवृत्तांतवाले सुद्धा हात टेकतील. या साऱ्याच्या मुळाशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची मारिया कोन्सेप्सिऑन नावाची एक बाई सापडते.

लोक रक्त द्यायला तयार नव्हते. का द्यावं? परदेशातली गोरी माणसं येतात, सुया टोचतात, जातात. नॅन्सी सांगायची, माझ्या आईलाही हाच आजार होता. त्यांना ते खरं वाटेना. अमेरिकन माणसाला ‘एल माल’ कसा होईल? तेव्हा बरोबरच्या नर्सनं नॅन्सीचा दंड धरून सगळ्यांना तिच्या हातावरचा छोटा व्रण दाखवला. तपासणीसाठी तिच्याही कातडीचा तुकडा काढलेला होता. हिच्यावर खूण आहे, ही आपल्यातली आहे, असं ती नर्स ओरडून सांगत सुटली. त्यानंतर बाह्या वर व्हायला लागल्या.

त्या रक्ताच्या नळ्या बोस्टनला जिम गुसेलाच्या प्रयोगशाळेत पोचायच्या. आजाराचं जनुक कुठे आहे याची कुणालाच कल्पना नव्हती. मग डीएनएवरची अशी एखादी खूण शोधायची की जी आजाराबरोबरच वारशानं उतरते. पत्ता नसलेलं घर शोधताना निदान कोणत्या गल्लीत आहे ते कळावं, तसं. यात दहा-वीस वर्षं सहज जातील असं जाणकार म्हणत होते. गुसेलाला पहिल्या डझनभर खुणांतच एक लागू पडली. १९८३ मध्ये जाहीर झालं: चौथं गुणसूत्र. नशीब या शब्दाचा शास्त्रज्ञांनीही तेव्हा सढळ वापर केला. नंतर मात्र नशिबानं हात आखडता घेतला, कारण गल्लीतून घरापर्यंत जायला आणखी दहा वर्षं लागली. १९९३ च्या मार्चमध्ये सहा गटांतल्या अठ्ठावन्न शास्त्रज्ञांनी मिळून जनुक प्रसिद्ध केलं.

आणि दोष काय निघाला, तर तोतरेपणा. त्या जनुकात ‘सीएजी’ ही तीन अक्षरं ओळीनं पुन्हा पुन्हा येतात. तुमच्याआमच्यात साधारण वीसेक वेळा. चाळीस किंवा जास्त वेळा आली की आजार होणारच. जितकी जास्त, तितका लवकर. म्हणून म्हटलं, ही सटवाईची ओळ वाचता येते, नव्हे, मोजता येते. तरीही धोका असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक ती मोजून घेत नाहीत. मला यात नवल वाटत नाही. औषध नसताना आकडा घेऊन करायचं काय?

इथवरची हकीकत कुणी ना कुणी सांगतंच. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते.

या आजारात मेंदूच्या आत खोलवर असलेला स्ट्रायटम नावाचा भाग आधी झिजतो. हालचालींवर ताबा ठेवणं हे त्याचं एक काम. पण त्याचं दुसरंही काम आहे: सवयीनं शिकणं. सायकल चालवणं, पोळी गोल लाटणं, पेटीवर न बघता बोटं पडणं, असलं जे शिकणं शब्दांत सांगता येत नाही ते. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एक साधी चाचणी केली गेली. फिरत्या तबकडीवर एक ठिपका असतो आणि हातातली काडी त्याच्यावर टेकवून ठेवायची असते. अल्झायमरचे रुग्ण, ज्यांना कालचं आठवत नाही, ते सरावानं यात सुधारत गेले. हंटिंग्टनचे रुग्ण, ज्यांना कालचं आठवत होतं, ते फारसे सुधारले नाहीत. म्हणजे आठवण एका खोलीत आणि सवय दुसऱ्या खोलीत, आणि या आजारात दुसरीला कुलूप लागतं. ज्याला सगळे ‘नाचण्याचा आजार’ म्हणत आले, तो शिकण्याचाही आजार निघाला.

पण माणसात हे कधीपासून बिघडतं ते कसं बघणार? तिथे उंदीर आले. (रॅट आणि माऊस हे दोन वेगळे प्राणी. मराठीत दोघेही उंदीरच, तेव्हा सांभाळून घ्या.) लंडनमध्ये जिलियन बेट्सच्या गटानं माणसाच्या त्या तोतऱ्या जनुकाचा तुकडा उंदरांत घातला आणि १९९६ मध्ये जाहीर केलं की त्या उंदरांना आजारासारखीच लक्षणं होतात. मग इतरांनी या उंदरांना शिकवून पाहिलं. एक प्रसिद्ध परीक्षा आहे, रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली. मोठ्या गोल हौदात पाणी भरायचं, ते दूध घालून गढूळ करायचं आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली एक छोटा चौथरा ठेवायचा. उंदराला पोहायला आवडत नाही. तो चौथरा शोधतो, आणि भोवतालच्या खुणांवरून पुढच्या वेळी थेट तिकडे जातो. सदोष जनुकाचे उंदीर चालण्यात नीट दिसत होते, पोहतही होते, पण शिकण्यात मागे पडत होते. १९९९ आणि २००० मध्ये हे निष्कर्ष आले. हालचाल बिघडायच्या आधी शिकणं बिघडतं.

आता खेळणी. त्यासाठी पुन्हा १९४७ मध्ये जायला हवं. कॅनडातला मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यानं काही उंदीर प्रयोगशाळेतून घरी आणून मुलींना पाळायला दिले. घरभर हिंडून मोठे झालेले ते उंदीर नंतर भुलभुलैयाच्या परीक्षेत पिंजऱ्यातल्या भावंडांपेक्षा सरस ठरले. ऐकायला पोरखेळ, पण १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे हेच शिस्तीत करून पाहिलं, तेव्हा भरल्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण जाड आणि वजनदार भरलं. मेंदू मोठेपणी बदलत नाही या समजाला बसलेला हा पहिल्या धक्क्यांपैकी एक.

ऑक्सफर्डमध्ये अँथनी हॅनन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे दोन धागे एकत्र बांधले. हंटिंग्टनचं जनुक घातलेले उंदीर घेतले, त्यांचे दोन भाग केले. अर्धे नेहमीच्या पिंजऱ्यात, अर्धे खेळण्यांच्या पिंजऱ्यात. खेळणी तरी काय, तर पुठ्ठा, कागद, प्लास्टिकच्या वस्तू, आणि त्या दर थोड्या दिवसांनी बदलायच्या. जनुक तेच, खाणं तेच. खेळण्यांच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना लक्षणं बरीच उशिरा आली आणि स्ट्रायटमच्या भोवतालचा मेंदू कमी झिजला. हा निबंध २००० मध्ये ‘नेचर’ मध्ये आला. दोन वर्षांनी लंडनच्या गटालाही तसंच आढळलं.

मी हे वाचलं तेव्हा जागची उठून घरात एक फेरी मारून आले. ज्या आजाराला सगळं जग जनुकाच्या हुकूमशाहीचं शंभर टक्के उदाहरण म्हणत होतं, त्यात रिकाम्या खोक्यानं फरक पडावा! ‘होणार’ हे ठरलेलं, पण ‘कधी’ हे सगळं ठरलेलं नाही. त्याच २००० साली कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांच्या उंदरांत हे जनुक औषधानं बंद करता येत होतं, आणि आजार सुरू झाल्यानंतर बंद केलं तरी उंदीर सुधारले. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण आजारी पेशी मेलेल्या नसतात.

माणसांत असं काही दिसतं का, याचं उत्तर शोधायला पुन्हा सरोवरावर जावं लागलं. तेवढे मोठे कुटुंब जगात दुसरीकडे नव्हतंच. सीएजीची संख्या सारखी असूनही एकाला पस्तिशीत आणि दुसऱ्याला साठीत आजार सुरू होतो, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. २००४ मध्ये नॅन्सी वेक्सलर आणि इतरांनी हिशोब मांडला की आकड्यानं न उलगडणाऱ्या या फरकाचा काही भाग इतर जनुकांमुळे आणि बराच मोठा भाग भोवतालच्या परिस्थितीमुळे आहे. हे जपून वाचायला हवं. संख्याशास्त्रात ‘परिस्थिती’ ही अडगळीची खोली असते, जे कुठे बसत नाही ते तिथे टाकतात. २०१५ नंतर ‘इतर जनुकं’ बरीच स्पष्ट झाली, त्यांत डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकं आघाडीवर आहेत. परिस्थितीचा वाटा अजून तसा उलगडलेला नाही. तेव्हा शब्दकोडी सोडवा आणि हंटिंग्टन टाळा, असं कुणी ढकलपत्रातून पाठवलं तर कृपया पुढे ढकलू नका. शिवाय प्रयोगशाळेतला साधा पिंजरा म्हणजे इतका रिकामा तुरुंग की ‘खेळण्यांचा’ पिंजरा कदाचित उंदराच्या साध्यासुध्या आयुष्याच्या थोडा जवळ जात असेल, इतकंच.

औषधांचं म्हणाल तर हालचाली कमी करणाऱ्या औषधाला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, पण ते लक्षणापुरतं. जनुकाचं काम मंदावणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मेंदूत थेट सोडायच्या जनुकीय उपचारानं आजाराचा वेग बराच मंदावल्याचं जाहीर झालं. रुग्ण अगदी थोडे आहेत, पण असं वाक्य या आजाराबद्दल पहिल्यांदा लिहिता आलं.

हे उपचार उद्या बाजारात आले तर माराकायबोच्या काठी पोचतील का? त्या लोकांच्या रक्तातून ४,३८४ जणांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या, जनुक सापडलं, निबंध झाले, पारितोषिकं झाली. नॅन्सीच्या पुढाकारानं तिथे रुग्णांसाठी एक निवारा १९९९ मध्ये सुरू झाला, पण तोही पुढे बंद पडला. नंतर तर देशाचीच घडी विस्कटली, आणि जिथे साधी औषधं मिळेनात तिथे मेंदूतल्या जनुकीय उपचाराची काय कथा. याचा दोष मी नॅन्सीला देणार नाही, तिनं तिच्या वाट्यापेक्षा जास्त केलं. पण विज्ञानाच्या इतिहासात हा हिशोब ‘येणे बाकी’ म्हणूनच लिहायला हवा.

अ‍ॅलिस वेक्सलरनं १९९५ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, ‘मॅपिंग फेट’ नावाचं. नशिबाचा नकाशा. त्यात आईबद्दल तिनं जे लिहिलंय ते जमल्यास जरूर वाचा. नॅन्सीनं २०२० च्या मार्चमध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्यालाही हा आजार असल्याचं जाहीर केलं. चालणं-बोलणं बदललेलं जवळच्यांना आधीपासून दिसत होतं. आईला त्यानं पन्नाशीतच गाठलं होतं. मधल्या वर्षांतली किती सीएजीच्या आकड्यामुळे मिळाली, किती इतर जनुकांमुळे आणि किती त्या सरोवराकाठच्या उन्हातान्हातल्या वीस मोसमांमुळे, हा हिशोब हजारो माणसांचा मिळून मांडता येतो, एकटीपुरता येत नाही.